तळाच्या खणातले पान

सोमवार, ८ डिसेंबर १९४१ रोजी, टोकियोच्या घड्याळात पहाटेचे सव्वातीन वाजून गेले असताना, जपानी आरमाराच्या विमानांनी हवाई बेटांवरच्या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला. तिकडे रविवारची सकाळ होती. युद्ध पुकारलेले नव्हते. सात वाजता जपानी रेडिओवर निवेदन झाले की पश्चिम पॅसिफिकमध्ये अमेरिका व ब्रिटनच्या फौजांशी लढाई सुरू झाली आहे. त्यात हवाईचा उल्लेख नव्हता. युद्धाची घोषणा दुपारच्या सुमारास झाली आणि संध्याकाळच्या अंकांत छापून आली.

त्या संध्याकाळच्या अंकाचे एक पान गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी रद्दीत टाकले. पान माझे नव्हते.

आम्ही टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. पत्नी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षे होतो आणि इथे तिच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून व्हिसावर आहे. घर मी सांभाळतो. दुकानात आणि दवाखान्यात भागेल इतके जपानी मला बोलता येते. वाचता येतात ते आकडे, स्टेशनांची नावे आणि कचऱ्याचे वेळापत्रक.

तळमजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहत असत. वय नव्वदच्या पुढे. आम्ही नवे असताना मी दुधाचे रिकामे खोके चुकीच्या दिवशी बाहेर ठेवले होते. त्यांनी ते उचलून, धुऊन, कापून, सपाट करून आमच्या दाराशी आणून ठेवले. ओळख तिथून झाली.

त्याच वर्षी वसंतात त्या बोलता बोलता म्हणाल्या की लढाई सुरू झाली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. मी पत्नीला दुभाषी म्हणून बसवून त्यांना तासभर प्रश्न विचारले. सवयीचा भाग. टिपणे दोन पाने झाली. ती अशी: घर नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत होते. सकाळी थंडी होती, आकाश स्वच्छ. घरचा रेडिओ बिघडला होता म्हणून निवेदन शेजारच्यांच्या भिंतीतून ऐकले. आई मुळा चिरत होती. ती थांबली आणि मग उरलेला मुळा चिरला. वडील मुलीच्या गळ्यातला रुमाल नीट बांधायला सांगून कामाला गेले. शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांना पटांगणात उभे केले. संध्याकाळी वडिलांनी येताना वर्तमानपत्र आणले आणि उभ्यानेच वाचले. त्या दिवसापासून रेडिओवर हवामान सांगणे बंद झाले, कारण ते आता लष्करी गुपित होते. आई रोज सकाळी दारात जाऊन हात पुढे करून बघायची आणि कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरवायची. असे जवळजवळ चार वर्षे चालले.

केव्हा, कुठे, कोण, किती वाजता, हे सगळे मी विचारले. त्या दिवसाचे त्यांच्याजवळ काही उरले आहे का, हे विचारले नाही.

ऑक्टोबरात सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. वय चौऱ्याहत्तर. जपानी त्यांना येत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. आठवड्याभरात त्या रोज अकरा वाजता तळमजल्यावर जाऊन बसू लागल्या. आजी जपानीत बोलत, सासूबाई मराठीत. सासूबाई त्यांना मावशी म्हणत. काय बोलता, असे मी एकदा विचारले. गुडघ्यांबद्दल, असे उत्तर मिळाले.

त्याच महिन्यात आजींची वृद्धाश्रमात जागा ठरली. शुक्रवारी हलायचे होते. तिथली खोली लहान. स्वतःचे म्हणून एकच सामान नेता येणार होते. आजींनी तीन खणांचे हलक्या लाकडाचे कपाट निवडले. ते बरीच वर्षे कोपऱ्यात दमट भिंतीला लागून होते. त्याला वास येत होता. सासूबाईंनी हातवारे करून सांगितले की आम्ही ते पुसून, उन्हात ठेवून देतो. आजींनी तीनदा वाकून आभार मानले आणि मंगळवारी डे-सर्व्हिसच्या, म्हणजे वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्राच्या, गाडीतून जाताना किल्ली आमच्याकडे दिली. मंगळवारी त्या दिवसभर बाहेर असत.

कपाट आम्ही दोघांनी दहा वाजता रिकामे केले. सासूबाईंनी प्रत्येक खणातले कपडे होते त्याच क्रमाने चादरीवर मांडले. वरच्या दोन खणांत तळाशी काही अंथरलेले नव्हते. तळाच्या खणात कपड्यांखाली वर्तमानपत्राचे एक पान अंथरलेले होते. तपकिरी पडलेले, घडीवर चिरलेले. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी उचलले.

“बघा, ज्या बाईने घातलंय तिने नीट घातलंय. उजवा कोपरा आत दुमडलाय,” त्या म्हणाल्या. “पण आता पीठ झालंय याचं. टाका हे, नवा घाला.”

आमच्याकडे दिवाळीच्या आधी फडताळांतले आणि खणांतले कागद बदलतात. पुण्यात हे काम माझ्याकडे असे, कारण कागद माझ्याकडे असत. आणि जुना कागद काढताना तो वाचायचा, हाही नियमच होता. दर वर्षी त्यात अर्धा दिवस जाई. इथे तो प्रश्न आला नाही. मी पानाकडे पाहिले. मथळा आडवा, जाड ठशांत, पानभर. फोटो नाही. आठ-दहा आडव्या पट्ट्या, मजकूर गच्च. पान चांगले लावले आहे असे मला वाटले. मग मी ते रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवले.

सासूबाईंनी येताना फराळाचे डबे वर्तमानपत्रांत गुंडाळून आणले होते. कागद योगायोगाने माझ्याच जुन्या दैनिकाचे होते. त्यातले एक चांगले पान सासूबाईंनी खणात अंथरले. बाकीच्यांनी मी गठ्ठा वरून-खालून झाकला आणि आडवी-उभी सुतळी बांधली. बुधवारी सकाळी साडेसातला तो इमारतीसमोर, कागदाच्या जागी, ठेवला. बुधवार कागदाचा दिवस.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दारावरची बेल वाजली. आजी लिफ्टने वर आल्या होत्या, याआधी त्या कधी वर आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात माझ्या जुन्या दैनिकाचे पान होते, नीट घडी केलेले. त्यांनी ते मला दोन्ही हातांनी परत दिले आणि काहीतरी विचारले. मला ‘खाली’ आणि ‘कागद’ हे शब्द कळले. मी पत्नीला फोन लावला. ती ऑफिसात मीटिंगमध्ये होती. तिने आधी त्यांचे ऐकले, मग बराच वेळ काही विचारत राहिली, मग मला सांगितले.

ते पान आठ डिसेंबरच्या संध्याकाळचे होते, वडिलांनी आणलेले. १९४४ साली बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शाळकरी मुलांना शिक्षकांबरोबर खेड्यांत पाठवले, तेव्हा आजी दहा वर्षांच्या होत्या. आईने वेताच्या पेटीत कपडे भरले; वेत कपड्यांना लागून धागे निघू नयेत म्हणून तळाशी घरातले एक वर्तमानपत्र घातले. हाताला आले ते. पुढच्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात वस्ती जळाली. घर गेले, आई गेली. वडील त्याआधीच फौजेत गेले होते, ते परत आले नाहीत. पेटी पुढे कुजली. पान पेटीतून एका ट्रंकेत, ट्रंकेतून या कपाटात आले.

आजी थांबल्या होत्या. मी पत्नीला म्हणालो, त्यांना सांग की तो अंक राष्ट्रीय ग्रंथालयात नक्की असेल, प्रत मिळवता येईल. तिने सांगितले. आजींनी उत्तर दिले.

पत्नी म्हणाली, “त्या म्हणतायत, मला ते वाचायचं नाहीये. ते आईने अंथरलं होतं.”

मी जिन्याने खाली गेलो. कागदाची जागा रिकामी होती. गाडी आठ पन्नासला येऊन गेल्याचे समोरच्या दुकानदाराने सांगितले.

पत्नीने वॉर्ड ऑफिसला फोन केला. आमच्या भागाचा कागद कालव्याकाठच्या एका आवारात जातो, तिथे साडेदहापासून त्याच्या गाठी बांधतात, असे कळले. मी सायकलवर निघालो. सासूबाईंना काय झाले ते सांगायला दोन मिनिटे गेली. “कागद म्हणजे कागद, मला काय माहीत,” असे त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मग चप्पल घालून आजींचा दंड धरून त्यांच्याबरोबर खाली गेल्या आणि संध्याकाळपर्यंत वर आल्या नाहीत.

आवारात मी दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. फाटकाशी मला हेल्मेट देण्यात आले. मुकादम साठीचा होता. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि पत्नीने पलीकडून बोलायला सुरुवात केली. ती मीटिंग सोडून जिन्यात उभी होती. मुकादमाने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की बाहेर ठेवलेला कागद वॉर्डाच्या मालकीचा होतो, तो उचलून नेता येत नाही. मग त्याने विचारले की ठेवणारा आणि मालक एकच आहेत का.

“एकच आहेत का, विचारतायत.”

“नाही म्हणून सांग.”

“मग चोरी झाली का, म्हणतात. चोरी असेल तर पोलिसांचा कागद लागेल.”

“चोरी नाही. मी टाकलं.”

“मालकाला न विचारता?”

“हे ते विचारतायत की तू?”

“दोघं.”

थोड्या वेळाने तिने सांगितले की त्यांच्याकडे ‘चुकून टाकलेली वस्तू’ असा एक फॉर्म आहे, तो भरायचा. त्यात वस्तूचे वर्णन आणि तारीख होती. मी आकड्यांत ८ डिसेंबर १९४१ लिहिले. मुकादमाने ते खोडून बाजूला जपानी राजवर्ष लिहिले, सोळावे, आणि स्वतः केलेल्या दुरुस्तीवर शिक्का मारला. मग त्याने आमच्या भागाच्या गाडीचा माल वेगळ्या जागी ओतायला सांगितला आणि घड्याळाकडे बोट दाखवले. अर्धा तास.

ढीग माझ्या खांद्याइतका होता. सगळे गठ्ठे सारख्याच आडव्या-उभ्या दोरीने बांधलेले. गठ्ठा कसा दिसतो, असे मुकादमाने विचारले. बाहेरचा कागद मराठी आहे, असे मी सांगितले. मराठी म्हणजे कसे, हे त्याला हवे होते. त्याने एक पांढरी पाटी आणि जाड पेन पुढे केले. मी ‘पुणे’ असे लिहिले. त्याने पाटी तीन कामगारांना दाखवली. एकाने ती उलटी धरली. मी सुलटी केली आणि वरच्या रेघेवरून बोट फिरवले. त्याने मान डोलावली आणि इतर दोघांना काहीतरी सांगितले. पत्नीने फोनमधून भाषांतर केले: रेघेला टांगलेली अक्षरे शोधा.

आम्ही पाच जण शोधत होतो. पत्नी अधूनमधून विचारत होती, सापडले का.

“एकोणीस वर्षं पेपरात काढलीस,” ती एकदा म्हणाली, “आणि हातातला पेपर ओळखता आला नाही तुला.”

मी पुढचा गठ्ठा उचलला. शोधण्याला अर्ध्या तासापैकी बावीस मिनिटे लागली.

गठ्ठा अर्धा सुटला होता. पान आत होते, तीन तुकड्यांत. मुकादमाने हातमोजे बदलले, तुकडे एका पुठ्ठ्यावर जुळवून ठेवले आणि वाकून वाचू लागला. मथळ्यावर त्याचे बोट उजवीकडून डावीकडे गेले; तेव्हा आडवे मथळे तसे छापत, हे मला नंतर कळले. त्याने मथळा मोठ्याने वाचला. कामगार थांबले होते. मग तो तारखेवर आला आणि त्याने फॉर्म पुन्हा हातात घेतला.

“अरे, पानावर नऊ तारीख आहे,” पत्नी म्हणाली. “फॉर्मवर आठ. म्हणतात, ही ती वस्तू नाही.”

नऊ तारखेच्या पानात आदल्या दिवसाची घोषणा हीच मुख्य बातमी असू शकते, हा माझा पहिला विचार. पण आजी संध्याकाळ म्हणाल्या होत्या, आणि आठच्या संध्याकाळी नऊ तारखेचा अंक हातात येत नाही. मी पत्नीला आजींना विचारायला सांगितले. मुकादम, तीन कामगार आणि मी पुठ्ठ्याभोवती उभे राहिलो. चार मिनिटांनी तिचा फोन आला. त्या काळी संध्याकाळच्या अंकावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालत असत. आजींनी हे फार सहज सांगितले होते.

मुकादमाने हे खरे का, असे कोणाला तरी फोन करून विचारले. मग फॉर्मवरचा आठ खोडून नऊ केला, कंसात ‘प्रकाशन ८’ असे लिहिले आणि दुसरा शिक्का मारला. आवृत्तीची नोंद इतकी काटेकोर मी आमच्या डेस्कवरही पाहिलेली नाही. त्याने पुठ्ठ्यावरच्या पानाचा फोटो काढला, फॉर्मला लावण्यासाठी. वरून दुसरा पुठ्ठा ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिली. सायकल चालवत नेऊ नका, हातात धरून चालत जा, असे सांगितले. मी चालत आलो. पन्नास मिनिटे लागली.

आजींच्या घरात दोघी टेबलाशी बसल्या होत्या. पुठ्ठा उघडला. आजींनी मथळ्याकडे पाहिले नाही. घड्यांवरून बोट फिरवले. सासूबाईंनी चष्मा लावला.

“जावईबापू, कोपरा कुठाय?”

पानाचा उजवीकडचा दुमडलेला कोपरा नव्हता. घडीवर तुटला होता. मी पुठ्ठ्याच्या कडांत, चिकटपट्टीवर पाहिले. आवारात पत्नीकरवी फोन केला. तो ढीग साडेअकराला यंत्रात गेला होता.

आजी काही म्हणाल्या. भाषांतराला कोणी नव्हते. नंतर त्यांनी खण ओढून जमिनीवर ठेवला आणि तुकडे त्यात ठेवायला घेतले, पण कोणती बाजू वर होती ते त्यांना आठवेना. खण रिकामा करायची वेळच आली नव्हती इतकी वर्षे. मला सांगता आले नसते. सासूबाईंनी पान उचलले होते. त्यांनी डोळे मिटून दोन्ही हात हवेत धरले, मंगळवारी धरले होते तसे, मग तुकडे उलटे केले, मथळा खाली, आणि एकेक करून खणात मांडले. पेटीचा कोपरा गोल असणार म्हणून मावशींच्या आईने तो आत घेतला, असे त्या मांडताना मराठीत सांगत होत्या. कोपऱ्याची जागा त्यांनी रिकामी ठेवली. आजींनी त्यावर कपडे रचले.

शुक्रवारी दहा वाजता सामानाची गाडी आली. आजींची भाची बरोबर होती. कपाट दोन माणसांनी उचलून नेले. आजींनी आम्हाला आश्रमाचा पत्ता एका कार्डावर लिहून दिला, नवीन वर्षाचे पत्र पाठवता यावे म्हणून. सासूबाई फाटकापर्यंत गेल्या. दोघी आपापल्या भाषेत काही बोलल्या आणि गाडी गेली.

सोमवारी दुपारी मुकादमाचा फोन पत्नीला आला. शनिवारी गाड्या धुतात. आमच्या भागाच्या गाडीच्या मागच्या फळीच्या बिजागरीत तळहातापेक्षा लहान, तपकिरी, त्रिकोणी कागद अडकलेला होता. त्याने तो फॉर्मवरच्या फोटोशी ताडून पाहिला. ओळी जुळत होत्या. वस्तू वॉर्डाची नाही, असे त्याचे म्हणणे होते, कारण फॉर्म आधीच मंजूर झाला होता. ती मालकाला पाठवायची होती, आम्हाला नव्हे. पत्नीने कार्डावरचा पत्ता वाचून दाखवला. त्याने तो परत वाचून दाखवला. मंगळवारी त्याने रजिस्टर पाकीट टाकले आणि त्याचा क्रमांक फोनवर दोनदा सांगितला.

बुधवारी पत्नीने आश्रमात फोन केला. तिथल्या बाईंनी अतिशय नम्रपणे सांगितले की इथे राहणाऱ्यांविषयी, त्या इथे राहतात की नाही याविषयीसुद्धा, नातेवाईक नसलेल्यांना माहिती देता येत नाही. भाचीचा नंबर आमच्याकडे नव्हता. सासूबाईंनी दिवसातून चार वेळा विचारले, मिळाला का मावशींना.

गुरुवारी मी पोस्टाच्या संकेतस्थळावर पाकिटाचा क्रमांक घातला. पाकीट त्याच दिवशी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आश्रमाच्या पत्त्यावर पोहोचवल्याची नोंद होती.